भात बंद, तूप चालू

…आन् भात बंद! बंद म्हंजे बंदच! आता तुमीच सांगा, मी मुळशीचा माणूस, खाचरात वाकून वाकून भात लावला म्हणून तर हे गुडघे असे झाले, आन् त्याच गुडघ्यापायी भात सोडायचा? भाकरी न्हाई, साखर न्हाई, बटाटा न्हाई… मग खायचं काय? तर तूप खा, म्हणं!

तुमास्नी सांगतो, माझा ह्यो डावा गुडघा पपनसावानी सुजलेला. शेखरनं, माझ्या लेकानं, गाडीत घालून हिंजवडीच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर लई गोड बोलला. "आबा, भात-पीठ-साखर कमी करून तूप, अंडी, पनीर खाल्लं, की काहीजणांची सूज उतरते. काहीजणांची नाही उतरत. आपण करून बघू." बघू! कुणाच्या जिवावर बघू? आमी तूप खाल्लं ते सणासुदीला, ते बी भातावर. आता भातच न्हाई तर ते घ्यायचं कशावर, तळहातावर? तूप खा, म्हणं!

सोडला भात. खरंच सांगतो, ताटात शीत घेतलं न्हाई… निस्ती पेज प्यायचो. पेज म्हंजे काय भात हाय व्हय? ती काय चावाय लागती? पण गुडघा काय उतरंना. तवा किमयानं, म्हंजे सुनेनं, नवीनच काढलं, "आबा, मी रोज संध्याकाळी व्हिडीओ कॉल करणार, ताट दाखवायचं." पयल्याच दिवशी, "आबा, वाटीत काय?" म्हनलं, "पेज." "अहो आबा, तो भातच आहे, पातळ!" झालं! पेज बी गेली.

पण एक सांगू का… आमची कारभारीण गेल्यापासनं ह्या घरात जेवताना भांडं वाजलं तर ते माझंच. आन् आता फोन तांब्याला टेकवून ठेवायचा, तिकडं त्यांची बी जेवणं चाललेली, शेखर मीठ मागतोय, नात दंगा करतीया, किमया तिला दटावतीया आन् मधीच मला, "आबा, अजून एक चमचा तूप!" मी दोन घ्यायचो. पंगतच हुती वो ती!

आन् मग… उतरला गुडघा! शेखर खूश, "आबा, एकदम सपाट!" किमया म्हनली, "आता रोज त्रास नाही देत तुम्हाला." त्रास! झाला की कॉल बंद.

मग काय करनार? लावला भात. आंबेमोहोर, टोपभर, दोन्ही येळंला. खायाचा आन् गुडघा दाबून बघायचा, आली का सूज, आली का… न्हाई! इतकी वर्सं बोलावली न्हाई तर मुक्कामाला हुती, आता पाट-पाणी मांडून बसलोय तर फिरकंना. त्या डॉक्टरच्या 'काहीजणां'त मी कुटं बसतो, त्येचं त्येलाच ठावं. आन् ह्यो म्हणतो, तूप खा!

शेवटी काल मीच फोन लावला. किमया घाबरीघुबरी, "काय झालं आबा? परत सुजला?"

गुडघ्याबाबत खोटं बोलवंना. म्हनलं, "न्हाई गं, बरा हाय."

"मग?"

आता ह्या 'मग'ला काय सांगावं, तुमीच सांगा! तिकडं ताटं वाजत हुती. तोंडातनं निघून गेलं, "तूप संपलंय."

शेखर मागनं वरडला, "रविवारी घेऊन येतो आबा! सगळेच येतो, जेवायलाच!"

आता पंचाईत बघा… फडताळात डबा काठोकाठ भरलेला, आन् रविवारपातुर त्यो रिकामा दिसाय पायजे. मी एकटा खाऊन खाऊन किती खानार? तवा कुणी उठू नका… ताटं मांडतो.