भिंतीवरची पहिली बायको

मी अंबरनाथची, बुवापाड्यात जन्मली. बाबा कोकणातून आले, इकडे केमिकल कंपनीत लागले, आणि आई लग्न करून आली ती सरळ त्या एका खोलीत आली. इतकी वर्षं झाली पण तिचं बोलणं अजून तसंच, गो बाय, काय गो, असं. माझं बघा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, कॉलेज उल्हासनगरला, मैत्रिणी सगळ्या सिंधी, मग अजून काय होणार. तुम्ही लिहिताना नीट करा ताई. नाहीतर नको, राहू द्या, मग ती मी नाही वाटणार.

मॉडेलिंगच्या लाईनीत आली कशी, ते तर काहीच ठरवून नव्हतं. मैत्रीण होती कविता, तिच्या काकांचा गाऊनचा कारखाना, बायका घरात घालतात ते गाऊन. एक दिवस त्यांची मॉडेल आलीच नाही, फोटोवाला येऊन बसलेला, काकांचा बीपी वाढलेला, तर कविता बोलली हिला उभी करा, उंच आहे. मी उभी राहिली. काका बोलले, बेटा, इतने दाँत मत दिखा, लोगों को गाऊन बेचना है, दाँत नहीं. काय सांगू तुम्हाला, ते गाऊन सगळे एका मापाचे, माझ्यासारख्या दोन मावतील असे, मग मागून कपड्याचे चिमटे लावून आवळायचे, पुढून एकदम फिटिंग आणि मागे नुसते चिमटेच चिमटे, वळायचं नाही, खोकायचं नाही, पंखा पण बंद कारण कापड उडतं. घामाने मेकअप उतरायचा, तो पुसून परत लावायचा. लोकांना वाटतं मॉडेलिंग म्हणजे काय मजा. मी पाठीला चिमट्यांचे वळ घेऊन घरी यायची.

पण तो फोटो पाकिटावर आला ना. विठ्ठलवाडीला स्टेशनबाहेर हातगाडीवर आईने बघितला, तर त्या गाडीवाल्याला सांगायला लागली ही माझी पोरगी, तो बोलला हो मावशी, सगळ्या तुमच्याच पोरी, घ्यायचा आहे का गाऊन. आईने घेतला. आणि बाबांनी काय केलं, गाऊन बाजूला ठेवला आणि रिकामं पाकीट घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकलं, कंपनीत दाखवायला. मला तोंडावर कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या मित्राने मला सांगितलं, तुझा बाप पाकीट घेऊन फिरत होता अख्ख्या डिपार्टमेंटला.

मग साड्यांचे शो केले, व्यापाऱ्यांचे मेळावे असतात हॉलमध्ये तिथे रॅम्पवर चालली, आणि तिथूनच पप्पूभाई भेटले. पप्पूभाई म्हणजे कोऑर्डिनेटर, सिरीयलला माणसं पुरवतात. त्यांनी मला पुरवलं. नर्स झाली, शेजारीण झाली, हळदीकुंकवाला आलेली बाई तर किती वेळा झाली. डॉक्टर, पेशंट शुद्धीवर येतोय, हा डायलॉग माझा पाठच आहे, झोपेतून उठवा, बोलून दाखवीन. लोक विचारायचे मोठा रोल कधी? मी बोलायची येतोय, येतोय. मध्ये बाबा गेले, अटॅक आला, कंपनीतून आले, पाणी मागितलं, तेवढंच. मग आम्ही दोघी बुवापाड्याची खोली विकून बदलापूरला सोनिवलीला फ्लॅट घेऊन आलो. हॉलमध्ये टीव्ही आणि टीव्हीच्या बरोबर वर बाबांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. आई रोज पुसते.

आणि मग तो पप्पूभाईंचा फोन आला. बोलले नुसता फोटो पाहिजे, हिरोची पहिली बायको, वारलेली आहे, भिंतीवर लावायचा आहे, सोज्वळ चेहरा पाहिजे. मी लगेच हो बोलली. विचारच नाही केला, काम आहे ना, करायचं. काठाची साडी नेसवली, नाकात नथ, मंद हसायला सांगितलं, काकांचे शब्द आठवले, दात नाही दाखवले. काम झालं, घरी आली. आईला सांगितलं नाही, कशाला सांगायचं.

सिरीयल चालू झाली संध्याकाळी. आई भाजी निवडत बसलेली, मी चहा टाकत होती, आणि ती अशी ओरडली की मला वाटलं काही चावलं तिला. बाहेर आली तर टीव्हीवर मी, भिंतीवर, मोठी फ्रेम, हार घातलेला, समोर दिवा, आणि हिरो हात जोडून उभा. आणि त्याच्या वरती, आमच्या खऱ्या भिंतीवर, बाबा. तसाच हार. आई बोलली, जित्या माणसाला हार घालतात काय गो हे मेले, नि तू घालून घेतलास? मी बोलली अगं आई, नाटक आहे ते. नाटक असेल तर असेल, ती बोलली, हार नाटकाचा नसतो.

तेव्हापासून रोज. सिरीयल लागली की ती मुठीत मीठ घेऊन बसायची, माझा फोटो आला की टीव्हीवरून उतरवायची. बंद कर टीव्ही बोललं तर बंद पण करायची नाही, बघायला पाहिजे ना पोरगी कशी आहे भिंतीवर. मी हसायची तिला. पण मग मला कावीळ झाली, डोळे पिवळे, पंधरा दिवस अंथरुणात, आणि आई माझ्या उशाशी बसून एकच, हार काढायला सांग. आता कावीळ पाण्याने होते हे मला कळतं ना. पण रात्री तापात डोळे मिटले की तो फोटोच दिसायचा, आणि मी उठून आरशात बघायची. भीती वाटायची ताई. कोणाला सांगणार.

बरी झाल्यावर आईला घेऊन सेटवर गेली, तिचं समाधान होऊ दे. तिथे सुरेशदादा म्हणून आहेत, सेटच्या भिंती, फ्रेमा, फर्निचर सगळं ते बघतात. आई थेट त्यांना, हार काढ बाबा. ते बोलले मावशी, काल दिसला तो हार आज नाही दिसला तर माझी नोकरी जाईल. आईने पर्समधून काळ्या टिकल्यांचं पाकीट काढलं. बोलली, मग तीट म्हणून ही तरी लाव, आतून, तोंडाच्या बरोबर मागे. आणि त्या माणसाने, शूटिंग थांबलेलं, वरून ओरडत होते सगळे, तरी फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, आईने स्वतःच्या हाताने त्या पुठ्ठ्यावर आतून टिकली लावली, परत बंद केलं. आई घरी येईपर्यंत शांत. मी पण शांत झाली, मी मानत नाही तरी.

असं दोन-अडीच वर्षं मी भिंतीवर राहिली. आणि मग यंदा प्रोमो आला. हिरोचं दुसरं लग्न, मंडपात कोणीतरी धावत येतं, बोलतं, तुमची पहिली बायको जिवंत आहे! पप्पूभाईंचा फोन, तयार राहा, कुठे जाऊ नको, तुझाच फोटो आहे म्हणजे तूच ना. ताई, समजून घ्या. मी काय वीस वर्षांची नाही, पस्तिशी उलटली, आणि काका तर आता सरळ बोलतात, बेटा, अभी कंप्युटर ही लडकी बना देता है, चिमटा भी नहीं लगता. म्हणजे पाकिटावरचं काम संपत आलेलं. हा रोल मिळाला तर मिळाला, नाहीतर परत पेशंट शुद्धीवर येतोय. मी केस कापले नाहीत. भात सोडला. साड्यांचा एक शो आला तो नाही बोलली, तारीख लागली तर? मोबाईल आंघोळीला पण नेऊन खिडकीत ठेवायची. पप्पूभाईंना किती वेळा विचारणार, ते बोलायचे चॅनल ठरवतंय.

आणि आईची वेगळीच तऱ्हा. तिला रोलचं काही नव्हतं. ती गावच्या देवाला रोज गाऱ्हाणं घालायची, बा महाराजा, माझ्या पोरीचा हार उतरव. गावात गाऱ्हाण्याला मागून सगळे होय महाराजा बोलतात, इथे ती एकटीच. मी बोलायची आई, रोल माग ना! ती बोलायची, तू जिती झालीस का रोल मिळालाच की गो.

तर त्या दिवशी मी कपडे घडी करत होती आणि आईने हाक मारली. या वेळी ओरडली नाही, हळू मारली. बाय, बघ गो, उतरलीस तू. मी बघितलं. तीच भिंत, तीच फ्रेम, तोच हार, आणि आत दुसरीच बाई. नाव असलेली आहे ती, तुम्ही बघितलंय तिला. कोणी काही बोललं नाही सिरीयलमध्ये, हिरो हात जोडून तसाच उभा, त्याची बायको बदलली हे त्याला पण कळलं नाही. पप्पूभाईंना फोन लावला तर बोलले, सॉरी यार, चॅनलला ओळखीचा चेहरा पाहिजे होता. अडीच वर्षं रोज लोकांच्या घरात जाणारा चेहरा, हात जोडलेला, दिवा लावलेला, तो ओळखीचा नाही? मी किचनमध्ये गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर आई मीठ-मोहऱ्या उतरवायला मला शोधत होती, इतकी खूश, बाबांच्या फोटोला सांगत होती, सुटली हो पोरगी. मला तिचा इतका राग आला, काय सांगू. चार दिवस बोलली नाही मी तिच्याशी.

पाचव्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली, भीत भीतच. बोलली, त्या पोरीच्या आईला म्हायती असेल काय गो? मी बोलली कुठल्या पोरीच्या? तीच, आता हारात आहे ती. तिच्या आईने टिकली लावली असेल? विचार ना त्या दादाला. मी बोलली आई, तिने माझा रोल घेतला! आई बोलली, रोल घेतला तर घेतला, जीव कशाला घालवायचा तिचा.

मी नव्हती लावणार फोन. पण ती समोरच बसून राहिली, उठेचना. लावला. सुरेशदादांना वाटलं भांडायला केला. मी बोलली दादा, आई विचारते, टिकली. मग बोलले, फ्रेम तीच आहे गं, पुठ्ठा पण तोच, मी नुसता फोटो बदलला. मावशींची टिकली तशीच आहे मागे, काढायला मन नाही झालं. मी आईला सांगितलं, आहे, तशीच आहे. ती बोलली, बरं झालं, आणि उठून कुकर लावायला गेली.

आता असं आहे. ती बाई परत आली मंडपात, टीआरपी वाढला बोलतात. मी भात चालू केला. काका मधून बोलावतात, कंप्युटरची बाई गाऊनमध्ये बसल्यावर तिचे गुडघे कुठे जातात कळत नाही बोलतात, तेवढं माझं काम शिल्लक. रात्री अजून धडधडतं, पुढे काय, आईनंतर काय. सकाळी उठली की आई देवासमोर असते, बा महाराजा माझ्या पोरीला काम दे, नि ती दुसरी पण कोणाची तरी पोरगीच आहे, तिला पण सुखी ठेव. रोज ऐकते मी. आणि खरं सांगू ताई, आज पहिल्यांदा माझ्या पण तोंडातून निघालं, होय महाराजा.