पावलाला हात

ऐका, विजयनगरात घरून कोपऱ्यापर्यंत जायचं तरी पोटरी धरायची, म्हणून जांघेतून तार घालून पायाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हाचं सांगतो. कानडी नर्सबाईंनी बजावलेलं, "अज्जा, पाय हलवलात तर रक्त सुटेल." मी चुळबुळत पडलो होतो, तोच मोठे डॉक्टर आले आणि वाकून त्यांनी माझ्या पावलाला हात लावला. आम्ही विठ्ठलाची माणसं. कुणी पाया पडलं की आपणही त्याच्या पाया पडायचं. मी उठायलाच लागलो!

"अय्यो, अज्जा!" नर्सबाईंनी खांदे दाबले.

डॉक्टर म्हणाले, "नमस्कार नाही हो, रक्त पोचतंय का म्हणून पावलाची नाडी बघतोय."

"लागली का?"

"छान लागली. तुमचा नमस्कार राहिला ना? तो उद्या माझ्या खोलीपर्यंत चालत येऊन करा."