दोनशेच्या वेगाचा परिच्छेद

संपादकानं मनात काही ठेवू नये म्हणता? मग हे ऐका. इथल्या, अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक त्या वर्षी माझ्याकडे होता. तीस वर्षं मी पेपरात रेल्वेच्या बातम्या दिल्या, पण इंजिनात मला कुणी पाय ठेवू दिला नाही. आणि मोटार कंपनीतल्या सलीलचा लेख आला. जर्मनीतलं विजेवरचं जुनं एक्सप्रेस इंजिन, लाल-क्रीम रंगाचं वन-ओ-थ्री. हा ड्रायव्हरशेजारी उभा, वेग दोनशे, वर हॉर्नही यानंच वाजवलेला. माझा नुसता जळफळाट झाला. तो परिच्छेद मी कापला आणि त्याला फोनवर सांगितलं, "जागा नाही."

"काका, तोच तर मेन पार्ट आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच लांबलाय."

अंक निघाल्यावर मंडळाच्या पॉटलकला, जिथं प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा असतो, त्यानं मला बाजूला घेतलं. "थँक्यू काका. तुम्ही बरोबर पकडलंत. ते इंजिन म्युझियममध्ये बंद उभं होतं. मी आत बसून फक्त फोटो काढला. छापून आलं असतं तर ऑफिसातल्या मराठी लोकांनी सोडलं नसतं."

"अनुभव असतो रे," मी म्हणालो.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, खोटा वाटला म्हणून मी तो परिच्छेद कापला नव्हता. खरा वाटला म्हणून कापला होता.