थोरल्या काकांचं मनोगत

...आणि वर काका मलाच विचारतात, ‘पूरक म्हणजे काय गं?’ मला काही वाटलं नाही. तुम्हाला सांगते, पूर्वी तळपायाची आग मस्तकात जायची, आता नुसती मान हलवते. आमचं औषधांचं दुकान, मालक थोरले काका, आणि वेबसाइट कोण बनवणार, तर घरातली शिकलेली फुकट पोरगी! काकांची अट एकच, ‘पान उघडलं की आधी माझं मनोगत!’ हातभर लांब! ‘औषध ही सेवा आहे’पासून सुरू, ते थेट त्यांनी शाळेत जिंकलेल्या धावण्याच्या शर्यतीपर्यंत! अहो, डोकेदुखीची गोळी शोधायला आलेल्या माणसाला आधी डोकेदुखी द्यायची? टाकलं सगळ्यात वर. मला काही वाटलं नाही.

पण आत्या! काकांची धाकटी बहीण, तिला दिसत नाही, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. फोन तिला पान वाचून दाखवतो, वरून खाली, अक्षरन् अक्षर. रक्तदाबाच्या गोळ्या मागवायच्या तर दर वेळी आधी ती शर्यत पळावी लागणार! म्हणून मी मनोगत ‘असाइड’मध्ये टाकलं. म्हणजे दिसायला जिथल्या तिथे, फोटोसकट, फक्त आतून खूण, की हा बाजूचा मजकूर. गोळ्या तेवढ्या ‘मेन’मध्ये, म्हणजे मुख्य मजकुरात. बाजूच्या मजकुराला फोन ‘पूरक’ म्हणतो, ते ऐकलं की आत्या टुणकन पुढे, थेट गोळ्यांवर! काका खूश, आत्या त्याहून खूश. “अगं, जन्मात पहिल्यांदा गोळ्या मागवल्या आणि कुणी विचारलं नाही, एवढ्या लवकर संपल्या कशा!”

मग रविवारी सगळे जेवायला जमलेले, आत्याने कौतुकाने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा... “पूरक. थोरल्या मालकांचे मनोगत.” झालं! काकांचा घास हातातच. “पूरक? मी? उभं आयुष्य दुकानात घातलं, ते पूरक?” अहो, तुम्ही नाही, मजकूर! पण ऐकतंय कोण? आई डोळ्यांनी दटावतेय, बाबा वाटीत बघत पुटपुटतायत, “मोठा आहे तो, कर ना मुख्य, तुझं काय जातं?” माझं काय जातं! आत्याचं जातंय, बाबा! आत्या मात्र बोटांनी ताटाची कड चाचपत बसली. हात धुतले आणि केलं मनोगत मुख्य. मला काही वाटलं नाही.

पानावर पुन्हा आधी शर्यत, म्हणून आता आत्या सरळ दुकानात फोन लावते. काका जग जिंकल्यासारखे, “बघ, शेवटी माणसाला माणूसच लागतो!” आणि सुरू... सेवा, शर्यत, ‘एवढ्या लवकर संपल्या कशा?’ परवा मी तिच्याकडेच होते. काका बोलतायत, हिने फोन टेबलाच्या कडेला ठेवला, आत जाऊन चहा टाकला, गाळला, येऊन फोनमध्ये “हो ना दादा” म्हणाली, परत ठेवला. मला म्हणते, “बस गं निवांत, अजून शर्यत सुरू व्हायचीय.”

बसले. चहा संपला. काका कडेला बोलतायत. गोळ्यांचं नाव अजून निघायचंच होतं.

मला काही वाटलं नाही.