शेटची गाडी आणि पहिला गियर

वेगवान गाड्यांचं मला नका सांगू. मुरुडला एका शेटच्या दोन सिटांच्या गाडीच्या मागच्या आसातली दातेरी चाकं मी स्वतः बदललीत. ओहोटीच्या कडक वाळूवर शेटना ती आणखी जोरात पळवायची होती.

काम झालं, नारळ फुटला, चाकांपुढं लिंबं ठेवली. मीच छाती फुगवून ओरडलो, "आता ही बाणासारखी सुटणार! पुढं कुणी थांबू नका, सगळे मागं या!" शेटची म्हातारी आई आरतीचं ताट घेऊन अगदी गाडीच्या मागं येऊन उभी राहिली.

शेटनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सर्रकन मागं आली!

ताट उडालं, आई वाळूत बसली आणि चाक तिच्या पदरावर येऊन थांबलं. लिंबं जागच्या जागी शाबूत! आसातलं मोठं दातेरी चाक मी छोट्याच्या उलट्या बाजूला बसवलं होतं, म्हणून सगळे गियर उलटे झाले होते.

आई ओरडली, "मेल्या, गाडी पुढं घे, पदर अडकलाय माझा!"

पांढरेफटक पडलेले शेट माझ्याकडं वळले, "कशी घेऊ?"

मी म्हणालो, "रिव्हर्स टाका, शेट."