कानातले बिल्ले

तालुक्याच्या कचेरीतल्या रांगेत माधवी उभी होती. तिच्या पुढंच दोन म्हातारे बोलत होते.

"लहानूभाऊ, पुरात चराई बुडाली, त्याच्याच मदतीले आले काय?"

"हो. ढोराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर पाह्यजे म्हणे."

"मंग आणला काय लिहून?"

"बिल्लेच आणले. हे पाह्य ना, सातही."

"अरे बाप्पा! कानातून काऊन काढले?"

"गाळाचं गवत खाल्लं अन् पोट फुगून मेले सारे. पुरताना काढून घेतले."

"एकही नाई वाचलं?"

"नाई. काल साहेब म्हणे, चाऱ्याची मदत जित्त्या ढोराले आहे."

"मंग आज रांगेत काऊन?"

"ढोरं चराले सोडाची वेळ झाली का घरी बसवत नाई, लटारूभाऊ. जाऊ कुठी?"