चहाला घालतात तशी फुंकर

जमलेल्या माय-बापांनो, दवाखान्यातल्या सिस्टर लोकांनो, आणि सुमन सिस्टरच्या घरच्या माणसांनो, सगळ्यांना रामराम. सरपंचांनी माइक हातात दिला आणि म्हणले, दत्ता, तू बोल. नेकनूरच्या स्टँडवर दिवसभर बीड, बीड म्हणून ओरडणारा जीपवाला मी. मला वाटलं, त्यात काय एवढं. आता उभा राहिलो तर तोंडाला कोरड पडलीय. माइक दोन्ही हातांनी धरलाय, बघा. लपवत न्हाई. ज्यांच्यापुढं मी हे कधी लपवलं न्हाई, त्यांच्याच शोकसभेत कशाला लपवू?

मधीच थांबलो तर कुणी उठू नका. पाणी आणू नका. जरा येळानं मी परत बोलायला लागंन.

मला हे पहिल्यांदा झालं तवा गाडी भरलेली होती. कपिलधारचा फाटा जवळ आलता. भांडण न्हाई, उपास न्हाई, काही कारणच न्हाई. एकाएकी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या. डोळ्यापुढं अंधारी. वाटलं, मेलो. वाटलं म्हंजे खात्रीच झाली. कशीबशी गाडी कडंला घेतली. मग काय झालं? आपल्याकडं होतं तेच. माणसं गोळा झाली. एकानं कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्यानं चप्पल हुंगवली. एक म्हातारी म्हणली, फाट्यावरचं लागलंय याला, मीठ-मोहरी उतरून टाका. सगळी चांगली माणसं, सगळी माझ्या जिवासाठी धडपडत होती. आणि गर्दी वाढंल तसा माझा श्वास आत अडकायला लागला.

आपल्या इथल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी छातीची पट्टी, ते ईसीजी म्हणतात ती, काढली, नीट बघितली आणि म्हणले, काही न्हाई. आमचे मेव्हणे, ते बघा खांबाला टेकून बसलेत, ते वरडले, काही न्हाई कसं, सलाईन लावा. आपल्याला सलाईन लावल्याबिगर दवाखान्यात गेल्यासारखं वाटतच न्हाई. हसा, हसा. सिस्टरसुद्धा हसायच्या.

तवा सुमन सिस्टर पुढं आल्या. मेव्हण्याला म्हणल्या, पाहुणं, स्टँडवरून अद्रक आणा, चांगलं बघून आणा. आमच्या मंडळीला म्हणल्या, ताई, बाहेर जाऊन पोरांना फोन लावा, म्हणावं बाबा बरा हाय. एकाला खिडकी उघडायला लावली, एकाला गाडीतल्या पॅसेंजरकडं धाडलं. कुणाला हाकललं न्हाई, पण खोली रिकामी झाली. त्या अद्रकाचं पुढं काय केलं, हे मेव्हण्यानं आजपर्यंत इचारलेलं न्हाई.

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यापेक्षा खाली बसल्या. म्हणल्या, दत्ताभाऊ, भ्या वाटतंय? लोकहो, मी बाप्या माणूस, ड्रायव्हर. जो तो मला म्हणायचा, घाबरू नको बे. भ्या वाटतंय का, असं कुणी इचारलंच नव्हतं. मी मान हलवली. म्हणल्या, वाटू द्या. हे वर चढतं आणि आपोआप उतरतं. उतरंस्तोवर मी इथंच हाय.

मग म्हणल्या, समजा बशीत चहा ओतलाय, लई गरम हाय. घाला फुंकर. हळू घाला, सांडू देऊ नका. मला वाटलं, ही बाई मला लहान लेकरू समजायली का? पण घातली फुंकर. परत घातली. सिस्टर माझ्यासंगं फुंकर घालत बसल्या. लई येळ लागला. मेव्हणे अद्रक घेऊन आले तवा माझी बोटं जाग्यावर आलती.

मी म्हणलं, सिस्टर, डॉक्टर तर म्हणले काही न्हाई, मग मी काय ढोंग केलं का? त्या म्हणल्या, तुमच्या गाडीचा हॉर्न अडकला तर इंजिन बिघडलं म्हणता का? न्हाई. पण हॉर्न वाजतोय ते खोटं हाय का? तुमचं इंजिन चांगलं हाय, हॉर्न अडकतोय. तो दुरुस्त करणारा डॉक्टर बीडला बसतो. आपण जाऊ. मी म्हणलं, येड्याच्या डॉक्टरकडं मी जात नसतो. गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. तर रविवारी सकाळी या बाई माझ्या जीपमधी पुढच्या सीटवर येऊन बसल्या. म्हणल्या, चला, रस्ता दाखवते. म्हणलं, मी रोज बीडला जातो, तुमी मला कावून रस्ता दाखवता? त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मी गाडी चालू केली.

गोळ्या सुरू झाल्या. पार गेलं का? न्हाई. कमी झालं. अजून होतं. झालं की गाडी कडंला घ्यायची आणि फुंकर घालायची, एवढं येतं मला. आणि तेवढ्यानं न्हाई भागलं तर दवाखाना हाय, सिस्टर हायत, हे मनात असायचं. खरं सांगू का, गोळीपेक्षा त्याचाच आधार जास्त होता.

मी एकटाच न्हाई. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमधी भांडीकुंडी चढायला लागली की किती बायांना धडधड सुटते, हे तुमी बघितलंय. घरचे म्हणतात, जायचं आलं की हिचं नाटक सुरू. सिस्टर त्या बाईपाशी तशाच खाली बसायच्या. मग सासूला व्हरांड्यात नेऊन बोलायच्या. काय बोलायच्या, ते त्या सासवांनाच ठावं. त्यातल्या दोघी आज इथं बसल्यात, डोळ्याला पदर लावून.

आता पुढचं. हे सांगायला मला जड जायलंय. थांबा जरा.

सिस्टरच्या फुप्फुसाचं दुखणं तुमाला म्हाईत हाय. मी बीडच्या दवाखान्यात भेटायला गेलतो. दुपारची येळ. खाटेभोवती पाहुणे दाटलेले. कुणी वारा घालतंय, कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी डॉक्टरला बोलवा म्हणतंय, आणि डॉक्टर तर आत्ताच येऊन गेलते. नाकाला नळी, आणि सिस्टरचे डोळे असे मोठे झालेले. ते डोळे मी वळखतो. माझे तसे होतात. भ्या वाटत होतं त्यांना. सुमन सिस्टरला भ्या वाटत होतं, लोकहो.

मला दुसरं काय येतंय? मी त्यांच्या भावाला म्हणलं, मालक, खालून अद्रक आणा. भावजयीला म्हणलं, ताई, घरी फोन लावा. एकेकाला काम दिलं. खोली रिकामी झाली. स्टूल ओढलं आणि खाली बसलो. म्हणलं, सिस्टर, भ्या वाटतंय? त्यांनी मान हलवली. म्हणलं, वाटू द्या, मी इथंच हाय. हॉर्न अडकलाय नुसता. घाला फुंकर, हळू, सांडू देऊ नका.

त्यांनी ओठ पुढं केले. फुंकर निघंना. परत केले. न्हाईच निघाली. मग माझ्याकडं बघून, एकेक शब्द तोडून म्हणल्या, दत्ताभाऊ, आता इंजिनच.

मी काय करणार होतो? तुमीच सांगा, मी काय करणार होतो? जे मला येत होतं ते सगळं त्यांचंच होतं, आणि ते त्यांच्याच कामाला येत नव्हतं. माझी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या. आणि त्यांना ते कळलं. नाकात नळी, बोलायची ताकद न्हाई, आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणल्या, तुमी घाला. मी बघते.

मी फुंकर घालत बसलो. त्या माझ्याकडं बघत होत्या. भाऊ अद्रक घेऊन आला तवा मी शांत झालतो. आणि त्यांचा डोळा लागला होता. दोन दिसांनी निरोप आला.

मला एवढंच इचारायचंय. उद्या फाट्यावर मला परत झालं तर मी कुणाकडं जाऊ? दिवाळीनंतर त्या बायांनी कुणाकडं जायचं? सरपंच, तुमाला म्हाईत हाय का? नसंल तर नसंल. पण कुणी रस्त्यात असं बसलेलं दिसलं तर घोळका करू नका. एकानं खाली बसा. भ्या वाटतंय का, एवढं इचारा. उतरंस्तोवर उठू नका.

आता शांत राहून त्यांची आठवण काढायची हाय. अशा येळी सगळे उभे राहतात, मला म्हाईत हाय. पण सिस्टर माणसाजवळ कधी उभ्या राहिल्या न्हाईत. म्हणून हात जोडून इनंती करतो, उठू नका. बसूनच राहा. डोळे मिटा. समोर बशीत गरम चहा हाय असं समजा आणि हळू फुंकर घाला. ज्याला येत न्हाई त्यानं शेजारच्याकडं बघून घाला.

मी पण इथंच खाली बसतो. सिस्टर, बसलो बघा. तुमी बघा, मी घालतो.